जेवण झाल्यावर सांगायची गोष्ट

"कायले आला गा? मराले आला असशील तं घरी जाऊन मर, इथं जागा नाई."

आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर सकाळी सात वाजता पहिल्या रोग्याचं स्वागत असं व्हायचं. बोलणारी बाई स्कॉटलंडची. उन्हानं लालबुंद झालेली, पन्नाशी ओलांडलेली, पायात पुरुषी बूट आणि अंगात पोटरीपर्यंत येणारा करडा झगा. रोगी घाबरायचा नाही. तो हसत बाकावर टेकायचा आणि म्हणायचा, "मिसबाई, ताप येऊन राहिला." मग मिसबाई त्याच्या कपाळावर हात ठेवायच्या. तो हात मात्र फार हलका असायचा.

मी त्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी फुलचूरचा. गोंदियात मॅट्रिक झालो, नागपूरला औषधं मिसळायला शिकलो आणि नोकरी मिळाली ती नवेगाव बांधापासून दोन कोसांवरच्या, जंगलाला टेकलेल्या या गावात. दवाखाना चर्चचा, म्हणून वडिलांनी आठ दिवस अबोला धरला होता. पोरगा बाटणार, अशी त्यांची खात्री. बाटवायचं राहू द्या, एकदा एकादशीला मी डब्यातला भात खाताना दिसलो तर मिसबाईंनीच मला फैलावर घेतलं. "आज एकादशी हाये ना रे? तुह्या मायले मालूम हाये का?" मी म्हटलं, माझा विश्वास नाही. तर म्हणाल्या, "तुहा नसन. तुह्या मायचा हाये. डबा तिनं देल्ला का तूनं रांधला?" डबा खाणावळीचा होता, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

ही भाषा त्यांनी कुठून उचलली, तर स्वयंपाकघरातून. इकडे आल्या तेव्हा म्हणे नागपूरच्या एका शास्त्रीबुवांनी त्यांना वर्षभर शुद्ध मराठी शिकवली होती. गावात येऊन त्या "आपणांस कोठे वेदना होत आहेत?" असं विचारायच्या आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. महिनाभरात त्यांनी शास्त्रीबुवांची वही बांधून ठेवली आणि दवाखान्यात रांधणाऱ्या भागरताबाईसमोर पाट घेऊन बसल्या. भागरताबाई जे जसं बोलेल ते तसं. मी पहिल्या उत्साहात त्यांचं बोलणं सुधारायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुही मराठी बाटलीवर लिव्हाले चांगली हाये. बोलाले माही पुरते." पुढे मी तो नाद सोडला.

भागरताबाई विधवा. पोटाला एकच मुलगी, शेवंता. बाई स्वतः अंगानं काटकुळी, पण आवाज असा की तळ्यापलीकडच्या माणसाला जेवायला बोलवावं. तिचं आणि मिसबाईंचं नातं काय होतं हे मला शेवटपर्यंत नीट सांगता यायचं नाही. मालकीण-मोलकरणीचं नक्कीच नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं की मिसबाई ताट सरकवायच्या, आणि भागरताबाई म्हणायची, "नोको खाऊ. उपाशी रायजो." आणि मिसबाई खायच्या. रोज पहाटे चुलीपाशी चहा उकळत असताना त्या आपल्या भाषेत कुणाला तरी तावातावानं बोलायच्या. मी विचारलं तर भागरताबाई सांगायची, "देवासंग भांडून राहिली. आपन मधात नाई पडाचं." भांडण संपलं की चहा गाळला जायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक मोठा कागद चिकटवलेला होता. त्यावर मिसबाईंनी गावचे सण, उपास, बाजाराचे दिवस, कुणाच्या घरी कधी श्राद्ध असतं, सगळं बारीक अक्षरात टिपलेलं. सोमवार धरणाऱ्या बाईला सोमवारी काढा द्यायचा नाही. नवी सून तपासायची तर सासू खोलीत हवी. पितृपक्षात कुणाचा दात उपटायचा नाही. मी वैतागायचो. "मिसबाई, रोगाला काय कळतं आज कुठला वार आहे ते?" त्या म्हणायच्या, "रोगाले नाई कळत. मानसाले कळते ना. मी औषध मानसाले देतो का रोगाले देतो?" मला हे पटायचं नाही. मी गोंदियात शिकलेला, आणि यातल्या निम्म्या गोष्टी लोकांच्या डोक्यातून हसून घालवायच्या असतात असं माझं ठाम मत होतं. पण लोक दवाखान्यात यायचे, हेही मी बघत होतो. आधीच्या साहेबाच्या काळात ओसरीवर कुत्री झोपायची असं जुनी माणसं सांगत.

फुकट औषध त्या कुणालाच देत नसत. पैसे घ्यायच्या नाहीत, पण हात हलवत आलेला माणूस त्यांना चालायचा नाही. मूठभर तांदूळ, दोन वांगी, सरपणाची काटकी, काहीही. एक म्हातारा काहीच नाही म्हणून ओसरी झाडून द्यायचा. तो खोकला बरा झाल्यावरही कितीतरी दिवस येऊन झाडत होता.

आता पेटीचं सांगतो. दवाखाना चालायचा तो मिसबाईंच्या गावच्या चर्चच्या आधारावर. ते गाव म्हणजे समुद्रकाठची मासे धरणाऱ्यांची वस्ती, आपल्या गावापेक्षा फार मोठी नाही असं त्या सांगत. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे तिकडून छोट्या लाईनीच्या गाडीनं एक लाकडी पेटी यायची. तिच्यात पट्ट्या, साबण, दुधाची भुकटी आणि तिथल्या बायकांनी विणलेल्या तान्ह्या मुलांच्या लोकरी टोप्या. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात लोकरीची टोपी म्हणजे शिक्षाच, पण पौषातल्या थंडीत महिनाभर तिचा उपयोग व्हायचा. प्रत्येक टोपीला विणणारीच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असे. मिसबाई गावातल्या लेकुरवाळ्यांना ओसरीवर बसवायच्या आणि एकेक टोपी हातात धरून सांगायच्या, "इले विननारीचे गुडघे दुखून राहिले. हे जे निळी हाये ना, इचा नवरा समुद्रात गेला तो आलाच नाई." बायका च्च् च्च् करायच्या. पुढच्या वर्षी पेटी आली की आधी विचारायच्या, त्या गुडघेवालीचं कसं आहे?

मग उत्तरं लिहायची. लिहायचो मी, सांगायच्या बायका. "आपले फार उपकार झाले" असं मी सवयीनं लिहिलं की मिसबाई कागद फाडायच्या. उपकाराचं पत्र घरच्या माणसाला कुणी लिहितं का, असं त्यांचं म्हणणं. मग गाय व्याली, सून नांदायला आली, धानावर किडा पडला, असली पत्रं सातासमुद्रापलीकडे जायची. गुडघेवालीला भागरताबाईनं एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगितलं. मी म्हटलं, तिकडे एरंड कुठे मिळणार? "तू लिव्ह," ती म्हणाली. "शोधन ते."

आणि पेटी रिकामी परत जात नसे. कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, ही इकडची रीत. त्या पेटीच्या फळ्या सरपणाला चांगल्या होत्या, पण भागरताबाईनं पहिल्याच वर्षी तिला कुऱ्हाड लावू दिली नाही. चिन्नोर तांदूळ, बांबूचं सूप, वाळवलेली मोहफुलं भरून पेटी उलट निघाली. तिकडच्या समितीनं कळवलं की असं काही पाठवण्याची आवश्यकता नाही. मिसबाईंनी ते पत्र चुलीत घातलं आणि दर वर्षी पेटी भरून जात राहिली.

पण टोप्या आणि मलमपट्टीच्या पलीकडे एक गोष्ट होती जी आमच्याकडे नव्हती. डॉक्टर नव्हता. मिसबाई नर्स होत्या. साधं बाळंतपण त्या झोपेतही केलं असतं, पण बाई अडली की तिला बैलगाडीत घालून दीड कोसावरच्या स्टेशनावर न्यायचं आणि तिथून गाडीनं गोंदियाला. पावसाळ्यात तो रस्ता रस्ता राहायचा नाही.

शेवंता पहिलटकरीण, बाळंतपणाला आईकडे आली होती. मी सणाच्या रजेवर फुलचूरला गेलो होतो. परत आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मूल आडवं होतं. गाडीत घालून नेताना स्टेशन नजरेच्या टप्प्यात असताना शेवंता गेली, पोटातलं मूलही गेलं. मिसबाई गाडीत तिच्या उशाशी होत्या. मला एवढंच कळलं, तेही गावातल्या दुसऱ्यांकडून. त्या दोघींनी माझ्यासमोर याबद्दल कधी शब्द काढला नाही. भागरताबाई तेराव्यानंतर चुलीपाशी परत आली आणि मिसबाईंनी त्या दिवशी भाजी अळणी असूनही काही म्हटलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याला मिसबाई आपल्या चर्चला एकच मागणी लिहायच्या, डॉक्टर पाठवा. पत्र मीच डाकेत टाकायचो. आणि डाकवाला दिसला की भागरताबाई हातातलं टाकून बाहेर यायची. "उत्तर आलं का बापू?" मला विचारायची. मी नाही म्हटलं की आत जायची. डॉक्टर आला म्हणून तिची शेवंता परत येणार नव्हती. तरीही गावात डॉक्टर यावा असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं.

वर्ष उलटलं आणि उत्तर आलं. आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागेचा हिवाळा. चर्चकडून दोन माणसं येणार होती, एक वयस्क पाद्रीसाहेब आणि समितीच्या एक बाई. ती आमचा दवाखाना बघणार आणि सातपुड्याकडचा दुसरा एक बघणार. डॉक्टर एकच देता येण्यासारखा होता. जिथे गरज जास्त दिसेल तिथे तो जाईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

पत्र मी पाटलांना वाचून दाखवलं. त्यांनी त्यातलं फक्त येणार एवढंच ऐकलं. "व्याही येऊन राहिले," त्यांनी गावाला सांगितलं. इतकी वर्षं पोरांना टोप्या पाठवणारी माणसं पहिल्यांदा दारात येणार होती. घरं सारवली गेली, तोरणं लागली. धान नुकतंच घरात आलं होतं, ढोल्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि ज्यांच्या भरल्या नव्हत्या त्यांनी शेजाऱ्यांकडून उसनं आणून वरचा थर दिला. ज्या बाईकडे एकच लुगडं होतं तिला दुसरीनं आपलं ठेवणीतलं दिलं. भागरताबाईनं पाटलिणीच्या चांदीच्या पाटल्या मागून आणल्या.

मी पाटलांकडे गेलो. म्हटलं, "जसं आहे तसं राहू द्या हो. ती माणसं आपली अडचण बघायला येताहेत." पाटील म्हणाले, "कंपोंडर, तू शिकला का बिघडला? पाव्हने दारात येतीन अन् आमी फाटके नेसून बसू?"

मग मिसबाईंकडे गेलो. त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. मी म्हटलं, तुम्ही एक शब्द टाकलात तर गाव ऐकेल.

"काय सांगू? भागरताले सांगू, का पाव्हने आले तं पाटल्या काढून ठेवजो?"

"हो, तिलाच सांगा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तिच्या पोरीच्या नावानं तरी सांगा. डॉक्टर दुसरीकडे गेला तर पुढची शेवंता कोण असेल? गावाचा मान राखता राखता तुम्ही माणसं घालवाल."

मिसबाईंचा चेहरा पांढरा पडला. हातातली पट्टी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. "तू जा आता," एवढंच म्हणाल्या. मी इतका तापलो होतो की ते पांढरं पडणं मला तेव्हा दिसूनही दिसलं नाही.

पाहुणे सकाळच्या गाडीनं आले. दोघंही भली माणसं होती, हे मुद्दाम सांगतो. पाद्रीसाहेब प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते. समितीच्या बाईंना टोप्यांवरची नावं पाठ होती, आणि गुडघेवालीनं खरंच कुठलंसं पान शोधून बांधलं होतं हेही त्यांनीच सांगितलं. डफ वाजले. बायकांनी त्यांना कुंकू लावलं. भरलेल्या ढोल्या, सारवलेली अंगणं, चांदी घातलेले हात, सगळं बाईंच्या छोट्या वहीत उतरत होतं.

दुपारी दवाखान्याच्या ओसरीवर पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, चिन्नोरचा भात, लाखोळीची भाजी, पुरीसारख्या सुवाऱ्या, वडे आणि तळ्यातल्या मरळीचा रस्सा. पाटलांनी मलाही पाहुण्यांशेजारी बसवलं, त्यांचं बोलणं इकडे आणि इकडचं तिकडे सांगायला. दुसऱ्या बाजूला मिसबाई. भागरताबाई सुवाऱ्यांची टोपली घेऊन वाढत आली तेव्हा समितीच्या बाईंनी तिला थांबवलं आणि मला म्हणाल्या, "हिला विचारा, या गावाला सगळ्यात जास्त कशाची गरज आहे?"

मी विचारलं. असा प्रश्न असा समोर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भागरताबाईनं दोन सुवाऱ्या बाईंच्या पत्रावळीवर ठेवल्या. "काई कमी नाई बापू. सारं हाये. त्याईले म्हन, पोटभर जेवा."

मी इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, माझी मुलगी डॉक्टर नव्हता म्हणून वाटेत मेली. आम्हाला डॉक्टर हवा आहे."

बाईंचा हात वहीवर थांबला. तेवढ्यात मिसबाई इंग्रजीत बोलल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ती असं म्हणाली नाही. ती म्हणाली, काही कमी नाही, सगळं आहे, पोटभर जेवा."

वहीत ते लिहिलं गेलं. पाद्रीसाहेब मान हलवत म्हणाले, किती समाधानी माणसं आहेत. जेवण उरकलं, गाडीची वेळ होत आली होती, पाटलांनी दमणी जुंपून ठेवली होती. पाहुणे घाईनं हात धुऊन निघाले. मी निरोप द्यायलाही गेलो नाही. मिसबाईंचा मला इतका राग आला होता की त्या समोर आल्या असत्या तर मी नोकरी त्यांच्या तोंडावर फेकली असती.

ती सगळी आग मी भागरताबाईवर ओकलो. ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. "काही कमी नाही? तुम्ही असं म्हणूच कसं शकलात? वर्षभर डाकवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलात ना? गेला डॉक्टर!"

तिनं राखेचा हात तसाच वर धरला. "मंग काय म्हनू? पान वाढलेलं, पाव्हनीच्या हातात घास. तवा आपलं रडगानं सांगाव? तिच्या नरड्याखाली घास उतरन का?"

"मग सांगणार कधी होतात?"

"जेवन झाल्यावर. सुपारी देतानी सांगतेत, बापू. मी चंची घेऊन उभीच होती. कोनी थांबलंच नाई. हात धुतले अन् गेले."

मागे दारात मिसबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अख्ख्या गावाच्या रीतीभाती कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवणारी ती बाई, तिला ही एक रीत माहीत नव्हती. तिचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"भागरता," त्या म्हणाल्या, "तुले सांगाचं होतं?"

"नाई तं काय? सालभर कायची वाट पाहून राहिली मी?"

मिसबाईंनी ओसरीवरची सायकल काढली आणि म्हणाल्या, "बस मांगं." भागरताबाई जन्मात सायकलवर बसली नव्हती. मी म्हटलं, माझ्या सायकलवर घेतो. "तू पाडशील तिले," म्हणाल्या. मग काय विचारता! पुढे झगा खोचलेली गोरी बाई, मागे पाटलिणीच्या पाटल्या घातलेली भागरताबाई तिचा कमरपट्टा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसलेली, आणि त्यांच्या मागे मी. खळ्यावर मागे राहिलेली मळणी करणारी माणसं बैल थांबवून बघत उभी राहिली. कुणीतरी ओरडून विचारलं, "मिसबाई, काऊन पळून राहिल्या?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मिसबाईंनी उत्तर दिलं नाही असं तेव्हा पहिल्यांदाच झालं असेल.

छोट्या लाईनीची गाडी त्या दिवशी नेहमीप्रमाणे उशिरा होती, आणि त्याबद्दल मी तिला आजही दुवा देतो. पाहुणे फलाटावरच्या बाकावर बसले होते. भागरताबाई उतरली, पदर डोक्यावरून घेतला, धाप लागली होती ती बसू दिली. मग कमरेची चंची सोडून दोघांच्या हातावर सुपारीचं एकेक खांड ठेवलं. पाद्रीसाहेबांनी ते तोंडात टाकेपर्यंत ती थांबली.

"आता तुमचं जेवन झालं," ती म्हणाली. "आता सांगतो."

तिचं बोलणं मिसबाई इंग्रजीत सांगू लागल्या. या वेळी मला कुणी बोलावलं नाही.

"माही पोरगी होती. शेवंता. एकच होती. पोटात लेकरू आडवं झालं. तो आंबा दिसते ना, तिथवर आनली. तिथं गेली. ह्या मिसबाईच्या हातानं लय लेकरं झाली, पन आडव्या लेकराले डाक्टर लागते. तुमच्यापाशी असन तं द्या. मले आता पोरगी नाई. दुसऱ्याईले हायेत."

एकेका वाक्यानंतर ती थांबायची आणि मिसबाई ते वाक्य इंग्रजीत ठेवायच्या, एक शब्द वर नाही, एक शब्द खाली नाही. भागरताबाईचं संपलं. तिनं हात जोडले आणि मागे सरली. पण मिसबाई बोलतच होत्या.

"आता हे माझं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "कळा आदल्या दिवशी सकाळीच सुरू झाल्या होत्या. मूल आडवं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तिला त्याच दिवशी पाठवू शकले असते. मी पूर्ण एक दिवस थांबले. तुम्हाला पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं की रस्ता खराब होता. रस्ता खराब होताच. पण उशीर माझा होता."

समितीच्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला समितीपुढे ठेवावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?"

"म्हणूनच तुमची वही उघडी असताना सांगितलं," मिसबाई म्हणाल्या.

गाडी आली आणि गेली. येताना भागरताबाईनं सायकलवर बसायला साफ नकार दिला, त्यामुळे आम्ही तिघंही चालत आलो. मी मिसबाईंच्या मागे चालत होतो. पट्टी गुंडाळताना पांढरा पडलेला त्यांचा चेहरा मला आता आठवत होता. शेवंताचं नाव काढून मी कुठे हात घातला होता ते कळलं, आणि लाज वाटली. पण खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. एक दिवस का थांबल्या? जाणती नर्स, मूल आडवं आहे हे माहीत असताना? विचारायचा धीर मला झाला नाही.

उन्हाळ्यात पत्र आलं. आमच्याकडे डॉक्टर येणार होती, बाई डॉक्टर. त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की मिसबाईंनी आता वयाचा विचार करता कामातून मोकळं व्हावं आणि मायदेशी परतावं. दुसरं कुठलंही कारण दिलेलं नव्हतं. मिसबाईंनी पत्राची घडी घातली आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली, "भागरता, डाक्टरीन येऊन राहिली! आज मासे आन." खालचा मजकूर त्यांनी चार दिवस कुणाला सांगितला नाही.

जायच्या दिवसापर्यंत त्या ओसरीवर बसून रोग्यांना मरायला घरी पाठवत होत्या. निरोपाची भाषणं करायची नाहीत असं पाटलांना बजावलं होतं, म्हणून पाटील नुसतेच रडले. स्टेशनवर भागरताबाई आली नाही. पेज चुलीवर आहे, म्हणाली.

दक्षिणेकडून शिकून आलेली तरुण डॉक्टरीणबाई रुजू झाली. पहिल्याच पावसाळ्यात दोन अडलेल्या बाया गाडीत न घालता सुटल्या. त्यातल्या दुसरीच्या वेळी भागरताबाई ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. मुलाचा आवाज आला तसा तिनं डोळ्यांना पदर लावला. मग अचानक म्हणाली, "बापू, त्या दिशी टेसनावर माहं सांगून झालं होतं. मिसबाई मंग काय बोलत होती?"

इतके दिवस मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच. पण तिनं सरळ विचारलं, तेव्हा सरळ सांगितलं. एक दिवस थांबले, उशीर माझा होता, असं म्हणाल्या.

भागरताबाईनं पदर डोळ्यांवरून खाली घेतला. "त्या दिशी पोळा होता," ती म्हणाली.

पोळ्याला बैलाच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही. आदल्या दिवशी हळद-तूप लावून त्यांचे खांदे मळतात, पोळ्याला पुजून गोडाचा घास देतात, आणि त्या दिवशी गाडी जुंपणं म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं. हे मला कुणी समजवायला नको होतं. मी स्वतः त्याच सणाला फुलचूरला गेलो होतो.

"मिसबाई सकाळीच म्हने, गाडी जुप. जावई तयार होता. मीच आडवी झाली. म्हनलं, आज बैल जुपला तं पोरीले बाधन. उद्या नेऊ. तिनं मले दोनदा इचारलं, बापू. मी दोनदा नाई म्हनलं." तिनं माझा हात धरला. "तू लिव्ह. त्याईच्या समितीले लिव्ह. तिच्याकडून नाई झालं. मी थांबवली."

मी लिहिलं. तिनं सांगितलं तसंच लिहिलं. आडवी झाली, दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं, सगळं. पत्र गेलं. चार-पाच महिने काही आलं नाही. मग आलं ते समितीकडून नव्हतं, मिसबाईंचं होतं. देवनागरीत, मोठ्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, आणि भाषा भागरताबाईची. पाटलांच्या खोकल्याची चौकशी होती, डॉक्टरीणबाई नीट जेवते का असं विचारलं होतं, मला एकादशीची आठवण दिली होती. शेवटी लिहिलं होतं:

"समितीनं तुमचं पत्र वाचलं. आता मले परत पाठवतो म्हनत होते. मी नाई म्हनलं, डाक्टरीन हाये तं माहं काम नाई. भागरताले सांगजो, पोळा तिचा होता, पन नर्स मी होती. मी तिसऱ्या डाव इचाराले पायजे होतं."

भागरताबाईनं ते पत्र माझ्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेतलं. मग कागद हातात घेतला, तिला वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघितला.

"लिव्ह तिले," ती म्हणाली, "पोरगी दोघीची होती."

तेवढंच लिहून मी पत्र डाकेत टाकलं.